लाकडाचा इवाई

मालकांनी लाकूड विकलं असं मी कधी पाहिलं नाही. ते लाकूड द्यायचे. आपण पोरगी देतो तसं. गोरेगावच्या रस्त्याला त्यांची वखार होती, शेजारी आरा मशीन, आणि मी त्यांचा टेम्पो चालवत होतो. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "मालक, दाराला लाकूड पाहिजे." मालक खाटेवर बसलेले. ते लाकडाकडं बघायचे नाहीत, गिऱ्हाइकाकडं बघायचे, पायापासून टोपीपर्यंत. मग विचारायचे, "कोण गाव? घरात माणसं किती? दारू पिता का?"

"मालक, मला दार पाहिजे."

"तेच विचारून राहिलो. पिऊन आलेला माणूस दार लाथेनं उघडतो. सांगा."

ज्याला लाकूड मिळालं तो मालकांचा इवाई. इवाई म्हणजे व्याही, आमच्याकडं असंच म्हणतात. त्याची बायको इनबाई. लोकांनी मग मालकांचंच नाव इवाई पाडलं. त्यांना पोरगा एकच, लेक नाही. लोक म्हणायचे, लेक नाही म्हणून लाकडाचे लाड करतो. मला ते पटत नाही. लेकी असत्या तरी हा माणूस असाच वागला असता. लेकींना तकलीफ झाली असती एवढंच.

मी काही शिकलेला माणूस नाही. आमची म्हातारी, म्हणजे बायको, गेल्यापासून घरात बोलणं नाही, म्हणून लिहितो. लिहायला बसलो की समोर दार दिसतं. दाराबद्दल लिहायचं तर मालकांबद्दल लिहावं लागतं. दुसरा इलाज नाही.

लाकूड देतानी चौकशी करायचे ते काहीच नाही. लाकूड घेतानी बघायला पाहिजे होतं. जंगलातलं सागवान कोणी कमी भावात आणलं तर फाटकातूनच परत. "ज्याचं गाव म्हाईत न्हाई त्याची सोयरीक मी करत न्हाई," म्हणायचे. शेतातलं, नाल्याकाठचं, पडक्या घरातून निघालेलं, एवढंच घ्यायचे. तेही झाड कापायच्या आधी आम्हाला तिथं जाऊन उभं राहावं लागायचं. शेतकऱ्याला विचारायचे, "काहून कापता?" कारण पटलं नाही तर चहा न पिता उठायचे. फळतं आंब्याचं झाड असलं तर शिव्या देऊन उठायचे. आणि झाड घेतलंच, तर त्याच्या जागी नवीन लावून घ्यायचे, आणि ते जगलं का हे बघायला पुढच्या साली मला टेम्पो घेऊन धाडायचे. वीतभर रोप बघायला टेम्पो. मोकळा जायचा, मोकळा यायचा. डिझेल जळायचं. मी एकदा म्हणालो, "मालक, सायकलवर जातो ना." तर म्हणाले, "लेकीच्या सासरी सायकलवर जात असतेत का?"

कोणतं लाकूड कशाला चालतं हे सुताराला विचारायचं असतं. मालकांनी त्याचं स्वतःचं शास्तर काढलं होतं. झाड कशासाठी तुटलं ते त्यांना महत्त्वाचं. रस्त्यासाठी तुटलं तर दाराला घ्यायचं, "त्याला येणं-जाणं म्हाईत असतं." बांधाच्या भांडणात तुटलं तर खुर्चीला, "खुर्ची भांडायलाच असते." उभ्याउभ्या वाळलेलं शाळेच्या बाकाला. वीज पडून गेलेलं कोणालाच द्यायचे नाहीत. ते वखारीच्या मागं एकटं पडून असायचं, आणि उन्हं फिरली की मालक स्वतः जाऊन त्याला सावलीत सरकवायचे.

आता येडा म्हणायचं तर म्हणा, पण मालकांचं लाकूड वाकत नव्हतं. कापलं की टोकांना शेणमाती लावायची, मधी पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावायची, आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही बघितल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही. वरचा पांढरा भाग काढून टाकायचे. त्याला वाळवी लागते. गाभाच द्यायचे.

वाकत नव्हतं म्हणजे, एकदा फुगलं. गोरेगावात एक किराणा दुकानदार होता. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवून बोलणं नाही. असं स्थळ मालकांना जन्मात भेटलं नव्हतं. ते भुलले. माल ओला असताना घाई करून कडुनिंबाचं दार देऊन टाकलं, न्हाणीघरासाठी. पावसाळा आला आणि एक दिवस दुकानदार आत आंघोळीला बसलेला असताना दार फुगून चौकटीत गच्च झालं. बायकोनं वखारीत फोन केला. आम्ही गेलो. शेजारी पहार घेऊन उभे. मालकांनी पहार काढून घेतली, दाराला हात लावला, आणि हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नको. काही झालं न्हाई. मी आलो."

आतून दुकानदार म्हणाला, "मालक, मी घाबरलो न्हाई, पण मला भायेर काढा."

"तुमाला न्हाई, दाराला बोलून राहिलो."

पहार लावू दिली नाही. म्हणाले, ऊन पडू द्या, आपोआप सोडंल. दुकानदाराला झरोक्यातून कपडे दिले, चहा दिला, नंतर पेपर दिला. ऊन तिसऱ्या प्रहरी पडलं. तोपर्यंत मालक बाहेर पाटावर बसून होते, आणि आत-बाहेर दोघांचं तुरीच्या भावावर चांगलं बोलणं झालं. दार सुटल्यावर दुकानदार मालकांच्या पाया पडला. काहून पडला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण मालकांची एक अट होती, ती हसण्यावारी जात नव्हती.

झालं असं होतं की फार आधी ते एका इवायाच्या मौतीला गेले. अंगणात पाव्हण्यांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं, आणि चुलीत मालकांनी दिलेलं सागवानी दार जळत होतं. म्हाताऱ्याच्या पोरांना शटर बसवायचं होतं, म्हणून दार तोडून सरपण केलेलं. मालक तिथून तसेच उठून आले. त्या दिवसापासून अट घातली. लाकूड एका माणसाच्या नावानं द्यायचं. तो माणूस गेला की लाकूड मोकळं झालं. मालक येणार, काढून नेणार, माहेरी आणणार. वारसाला पाहिजे असेल तर त्यानं नव्यानं मागणी घालावी आणि नव्यानं सगळे सवाल झेलावेत.

लोक हो म्हणायचे. लाकूड चांगलं होतं, आणि मेल्यावर कोण येतं मागायला, असं वाटायचं. मालक यायचे. टेम्पो मी चालवायचो, म्हणजे मीही यायचो. घराला दार नाही असं मालक कोणाला सोडत नव्हते, म्हणून बदली एक पत्र्याचं दार कायम टेम्पोत पडलेलं असायचं. ते पत्र्याचं दार रस्त्यानं असं वाजायचं की गावात शिरायच्या आधी गावाला कळायचं, कोणाच्या घरी तेरावा आहे.

जवळा बाजार ह्या गावी एक कापसाचा व्यापारी वारला होता. तिथलं मला पक्कं आठवतं. मालक पंगतीला बसले, पोटभर जेवले, म्हाताऱ्याबद्दल चांगलं बोलले, हात धुतले, आणि धोतराच्या सोग्यातून स्क्रू काढायचा पेचकस काढला.

व्यापाऱ्याचा पोरगा म्हणाला, "मालक, आज? अजून पाव्हणे उठले न्हाईत."

"मग चांगलंच हाय. उचलायला माणसं हाईत."

"अवो आमच्या बापाची आठवण हाय ती."

"बापाची आठवण ठेवायची तर बाप जित्ता असतानी दाराला ऑइलपेंट कोणी लावला? गुलाबी. लेकीच्या तोंडाला कोणी असा रंग फासत असतेत का?"

पोरगं बाजूला झालं. रंग त्यानंच लावलेला. पाव्हण्यांनी दार उचलून टेम्पोत ठेवलं, मी पत्र्याचं दार लावून दिलं, आणि निघतानी त्या घरातली म्हातारी माझ्याकडं अशी बघत होती की मी आरशात न बघता टेम्पो मागं घेतला आणि तुळशीला धडकवला.

आणलेलं लाकूड मालक खरडून, तेल पाजून, पुन्हा कोणाला तरी द्यायचे. दाराची खिडकी व्हायची, खिडकीचा पाट, पाटाचं पोळपाट. "झाडानं एवढे साल उभं राहून अंग भरलं, त्याला तेवढे साल तरी राबवलं पाहिजे," म्हणायचे. आम्हालाही त्याच हिशोबानं राबवायचे.

आता आमच्या दाराचं. साखऱ्याला आमचं घर. त्याला पहिल्यापासून पत्र्याचं दार. आमच्या म्हातारीनं माझ्याकडं जन्मात काही मागितलं नाही, एक दार मागितलं. पोरींची लग्नं झाल्यावर एकदा म्हणाली, "तुमी लाकडाच्या वखारीत हाव आणि आपल्या घराला पत्रा." म्हणून मी मालकांसमोर जाऊन उभा राहिलो.

"मालक, मला एक दार पाहिजे."

मालकांनी मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. पहिल्यांदाच पाहून राहिले असं.

"कोण गाव?"

"मालक, मी डायवर हाय तुमचा."

"ते टेम्पोत. इथं तू स्थळ हाय. कोण गाव?"

"साखरा."

"दारू पितो?"

"दिवसभर तर तुमच्यासंग असतो. कवा पिऊ?"

"उलटं उत्तर देतो," मालक कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले. मागं कोणी नव्हतं. लाकडाची थप्पी होती.

मग घर बघायला आले. म्हातारीनं नवं लुगडं नेसलं, पोहे केले. पोरीला बघायला येतात तसाच कार्यक्रम, फक्त पोरगी वखारीत होती आणि बघत होते आम्हाला.

"इनबाई, दार कशाला पाहिजे?"

"ह्या पत्र्याचा आवाज ऐकून कान किटले माझे. वारं आलं की वाजतं, कुत्रं घासून गेलं की वाजतं, हे खोकले की वाजतं. मला असं दार पाहिजे की लागलेलं कळू नये."

"भांडणं व्हतात का घरात?"

"व्हतात की. दोघंच तर हाव. भांडलं न्हाई तर बोलावं काय?"

हे उत्तर मालकांना आवडलं. पोह्यांकडं हात गेला. "सागवानाचं मनात हाय का?"

"व्हय. माझ्या भावजयीच्या घरी हाय सागवानाचं."

"मग सागवान न्हाई देत. दार तुमाला न्हाई, भावजयीला दाखवायला पाहिजे. तुमाला बाभूळ देतो. फळ्या कडुनिंबाच्या, चौकट बाभळीची."

"बाभूळ? ती गाड्याच्या चाकाला असती. माझ्या दाराला काटे फुटतील."

"जी बाभूळ दगडधोंड्यातून गाडा वढती, ती तुमच्या घरात नुसती उभी राहून थकंल का? सेनगावचा रस्ता रुंद केला तवाची हाय. येणं-जाणं म्हाईत हाय तिला."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "ह्यांला कोण्या डॉक्टरला दाखवलं का?" मालकांच्या समोरच.

मालकांनी बशी खाली ठेवली. "पसंत हाय," म्हणाले.

उठतानी अटीचं विचारलं. "कोणाच्या नावानं?"

मी मनात हिशोब लावला. ती माझ्याहून लहान. मला बिडीचा खोकला. मी आधी जाणार हे ठरल्यातच जमा. दार माझ्या नावानं घेतलं तर माझ्या तेराव्याला हिच्या नशिबी परत पत्रा. म्हणून म्हणालो, "हिच्या नावानं." मला वाटलं, मालकांना मी चांगलंच गुंडाळलं.

म्हातारीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता मला मरायची सोय न्हाई."

दार बसलं. काटे फुटले नाहीत. लागलेलं कळायचं नाही. म्हातारी पहिले काही दिवस ते उगंच लावायची आणि उघडायची, आणि मी कुठं गेलो हे न कळल्यामुळं मला जास्त हाका मारायची. दर दिवाळीला मालक जवसाचं तेल घेऊन यायचे. पहिल्या आंघोळीचं तेल लेकीला. दाराला चोळून लावायचे, आमच्याशी दोन शब्द बोलायचे, निघायचे.

"इवाई," म्हातारी म्हणायची, "दाराला तेल आणता, मला एखादं लुगडं आणत न्हाई."

"तुमाला उन्हात ठेवलं तरी तडा जात न्हाई, इनबाई."

ह्यावर ती दिवसभर खूश असायची.

मधल्या काळात ताई आली. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गोरेगावच्या बुद्धविहाराला लागून पोरांसाठी अभ्यासिका बांधायचं वस्तीनं ठरवलं. वस्तीतलीच एक पोरगी शिकून आर्किटेक्ट झालेली, हिंगोलीला राहायची. तिनं नकाशा काढला आणि लाकूड बघायला वखारीत आली. मालकांनी बघायला सुरुवात केली, पायापासून. ते वरपर्यंत पोचायच्या आत तिनं विचारलं, "काका, हे लाकूड कोणत्या गावचं?"

मालक थांबले. हा सवाल त्यांचा होता.

"साखऱ्याचं," मी म्हणालो.

"कोणाच्या शेतातलं? का तोडलं? त्याच्या जागी काय लावलं? ते जगलं का? पांढरा भाग काढला का सगळा? थप्पी कधी लावली?"

मालक खाटेवरून उठले. "इथं मी विचारत असतो."

"विचारा ना. पण माझं झाल्यावर. तिथं पोरं बसणार आहेत, पुस्तकं राहणार आहेत. मला बाकाला बाभूळ पाहिजे आणि कपाटाला कडुनिंब. खिडक्यांना पाडलेल्या घराचं जुनं लाकूड. नवं सागवान नको, बाहेरदेशाचं नको."

मालक जन्मभर लोकांना हेच सांगत आलेले. आता कोणी समोरून सांगितलं तर त्यांना भांडायला काही राहिलं नाही. मग त्यांनी मी कधी ऐकलं नव्हतं ते केलं. सागवानाची बाजू घेतली. "सागवान काहून नको? काय खोट हाय सागवानात?" घसा कोरडा होईपर्यंत भांडले. हे तेच मालक, ज्यांनी एका पुढाऱ्याला सागवान मागितलं म्हणून वखारीतून हाकललं होतं. आरा मशीनवरची माणसं काम टाकून बघायला आली.

ताईनं पिशवीतून एक मशीन काढलं. मोबाइलएवढं, पुढं दोन सुया. लाकडात टोचलं की लाकूड आतून किती ओलं आहे त्याचा आकडा येतो. तिनं थप्पीतल्या बाभळीला टोचलं. मालकांचं तोंड असं झालं की लेकराला इंजेक्शन देतायत.

"कोरडं आहे," ताई म्हणाली. "छान वाळवलंय."

मालकांनी बाही वर केली. "मला टोच. मी किती साल वाळून राहिलो ते बघू."

ताईनं सुया त्यांच्या तळहाताला नुसत्या टेकवल्या. मशीन लगेच वाजलं. ताईनं आकडा बघितला, मालकांकडं बघितलं, आणि मान हलवली.

"काका, तुम्ही फारच ओले आहात. तुमचं काही बनवता येणार नाही."

सगळे हसले. मालकही हसले, आणि मला कळलं की मी त्यांना आधी कधी हसतानी पाहिलंच नव्हतं. ती गेल्यावर म्हणाले, "डायवर, ही पोरगी माझ्याहून येडी हाय. मागंल ते दे तिला." तिला कोणाच्या नावानं हे विचारायचंही विसरले. नंतर आठवलं तेव्हा ताई म्हणाली, "पोरांच्या नावानं. पोरं येतच राहणार." अभ्यासिकेचं लाकूड कधीच मोकळं होणार नाही. ह्या एका व्यवहारात ते हरले, आणि तेच सगळ्यांना सांगत फिरले.

अभ्यासिका झाल्यावर ताईनं नवं मशीन घेतलं आणि जुनं मालकांना देऊन टाकलं. मग काय. मालकांनी भेटंल त्याला टोचलं. दार, चौकट, बाक, एकदा वासुदेवाची काठी. होता होता मशीनचे सेल संपले. मी म्हणालो, नवे आणतो. मालक म्हणाले, "काही गरज न्हाई. आता शिकलं मशीन. जन्मभर सेलाच्या भरवशावर राहू नये." आणि बंद मशीन तसंच टोचत राहिले. टोचायचे, चष्मा लावायचे, काळ्या काचेकडं बघायचे आणि आकडा सांगायचे. सुतार त्या आकड्यावर काम करायचे. कामं बराबर व्हायची.

आमची म्हातारी पोळा झाल्यावर गेली. ताप आला, हिंगोलीला नेली, परत आणली तेव्हा बोलत नव्हती. त्याच्याबद्दल मला लिहायचं नाही. तिला घरातून काढली तेव्हा पोरी रडत होत्या, लोक बोलत होते, आणि मागं कोणीतरी दार लावून घेतलं. दाराचा आवाज झाला नाही. तिला पाहिजे होतं तसंच.

मग मला अट आठवली. पहिल्या दिवशी नाही. पाणी तापवायला बाहेर आलो, दारात थांबलो, आणि हात चौकटीवर गेला तर तिथं माझ्या हाताआधीची जागा होती. म्हातारीचे गुडघे दुखायचे. उंबरा ओलांडतानी ती उजव्या अंगाची चौकट धरायची, दर खेपेला त्याच जागेवर. तिथं बाभूळ काळी आणि गुळगुळीत झालेली, तव्याच्या मुठीसारखी. एवढे साल मी घरात राहिलो, मला ती जागा दिसली नव्हती. आणि आता मालक येऊन ती काढून नेणार होते, आणि दार तिच्या नावानं मीच करून दिलं होतं.

म्हातारी जित्ती असताना ह्या गोष्टीवर हसायची. "मी मेले की तुमी दारात आडवं व्हा. बघते कसा नेतो."

तेराव्याच्या दिवशी मालक आले. टेम्पो दुसराच कोणी चालवत होता, माझी नजर अधू झाल्यापासून मी वखार सोडलेली. पण टेम्पो गावाच्या शिवेवर असतानीच मला ऐकू आलं. पत्र्याचं दार टेम्पोत कसं वाजतं हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत नाही. पंगतीतल्या लोकांनीही ओळखलं. वाढणारे थांबले.

मालक जेवले. सगळं जेवले, दोनदा वरण घेतलं. हात धुवून दारापाशी आले. मी चौकटीत उभा होतो.

"सरक."

"न्हाई सरकत."

"डायवर, जबान दिली व्हती तू."

"दिली व्हती. पण सरकत न्हाई."

एवढे साल मी त्यांच्याबरोबर किती घरची दारं काढली, आणि एकालाही असं बोलायचं सुचलं नव्हतं. मालक माझ्याकडं बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्याशेजारी चौकटीवर होती.

"हे काय?"

"तिचा हात."

मालकांनी आपला हात त्या जागेजवळ नेला. लावला नाही. नेला आणि परत घेतला. मग खिशात घातला. मला वाटलं पेचकस. काढलं ते मशीन. काळ्या जागेच्या जरा बाजूला सुया टोचल्या, चष्मा लावला, मशीन हातभर दूर धरून काचेत बघितलं. लई वेळ बघितलं.

"ओलं हाय."

"मालक, मशीनमधी सेल न्हाईत."

"तुला सेल दिसत न्हाईत. मला आकडा दिसून राहिला."

पंगतीतला एक म्हातारा बोलला, "इवाई, एवढ्या सालांची बाभूळ, ओली कशी राहील?"

"तुमी जेवा." मालकांनी मशीन पुसून खिशात ठेवलं. मला म्हणाले, "ओलं लाकूड हलवायचं नसतं. हलवलं की तडकतं. सुकू दे. येतो मी."

टेम्पो गेला. पत्र्याचं दार वाजत वाजत शिवेपर्यंत ऐकू आलं.

दिवाळीला तेल घेऊन आले. टोचलं. ओलं हाय. होळीच्या टायमाला आले, टोचलं, ओलं हाय. बसायचे, मी भाकर टाकायचो ती खायचे, माझी भाकर म्हातारीसारखी होत नाही हे सांगायचे. म्हातारीबद्दल ते एवढंच बोलायचे. एकदा मी विचारलं, "मालक, किती टाइम लागंल?" तर म्हणाले, "बाभूळ हाय. गरबड करत न्हाई ती."

ह्या उन्हाळ्यात मालक गेले. त्यांनी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की मला सुबाभळीत जाळा, ती तोडली तरी परत फुटते. चांगल्या लाकडाची एक काडी दिसली तर उठून बसन. पोरानं सुबाभूळच आणली. पण कोण्या पाव्हण्यानं शेवटी चंदनाचा एक तुकडा वर ठेवला. मी लक्ष ठेवून होतो. उठून बसले नाहीत.

पोरानं आता वखारीत प्लायवूडचं दुकान टाकलंय. चांगलं चालतं. कोणी काही विचारत नाही, कोण गाव म्हणूनसुद्धा. तो मध्ये साखऱ्याला आला आणि ते मशीन माझ्या हातात दिलं.

"काका, बाबाच्या उशाखाली व्हतं. सेल टाकले तर चालंल का हे?"

"चालंल," मी म्हणालो.

परवा मी टोचून पाहिलं. त्या जागेच्या बाजूला, मालक टोचायचे तिथंच. म्हातारीचा चष्मा लावला. काचेत काही दिसलं नाही, माझंच तोंड दिसलं. मी म्हणालो, ओलं हाय. घरात दुसरं कोणी नव्हतं.

गोरेगावात घड्याळाच्या दुकानात त्याचे सेल मिळतात. बाजाराच्या दिवशी मी त्या दुकानावरूनच जातो. अजून घेतले नाहीत.